पेव

नेमगोंडा मगदूम दिवसा हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचे
आणि रात्री माणसं मारायचे. कागदावर.
गणपती पेठेतल्या दुकानात त्यांच्या कादंबऱ्या
पंचांगांच्या मागच्या फळीवर असत,
आणि गिऱ्हाईक आवाज खाली करून मागे.

पहिल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर कवटी होती.
कादंबरीत कवटी नव्हती.
चित्रकार म्हणाला, भयकथा म्हटल्यावर कवटी येणारच.
दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी घातली एक,
पान एकशे बारा, खुंटीला टांगलेली,
पुढं तिचा कशाशीच संबंध नाही.

एकोणतीस पुस्तकं.
हस्तलिखितांवर पिवळ्या बोटांचे ठसे.
खिळे जुळवणारे मुजावरचाचा म्हणत,
ह्या कागदांची आमटी होईल.

आणि दरवर्षी दिवाळीआधी, 'पेव'.
तीस कथा, तीस माणसं:
मिरजेच्या दवाखान्यातली रात्रपाळीची नर्स,
जतचा टँकर ड्रायव्हर,
कवठ्याची एक बाई, जी नाव देत नसे,
खाली फक्त 'शेजारीण' अशी सही.
मानधन एक किलो राजापुरी, कापडी पिशवीत.
पोस्टानं नाही. स्वतः एसटीनं जाऊन.

"हरिपुरात जन्मलेल्याला," ते सांगत,
"जमीन पोकळ असते हे
चालायला शिकतानाच कळतं."
पेवाचं तोंड एवढंसं,
आत बैलजोडी उभी राहील इतका अंधार.
झाकण काढलं की आधी दोरानं कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस उतरत नाही.
"कथेचं उलटं.
कंदील सोडून बघायचा.
विझला, की कथा घ्यायची."

माझ्या कथेत तीनदा विझला नाही.
लाल शाईत शेरे:
भूत बरं आहे. घर खोटं. तिथं चहा कोण करतं?
मग: पाऊलखुणा उलट्या कशाला? सुलट्या जास्त भिववतात.
मग: किंकाळी काढा.
शेजारच्यांनी दार लावून घेतलं, एवढं पुरे.
चौथ्या वेळी शेरा नव्हता.
दारात ते स्वतः, हातात पिशवी.

पुढं जो तो लिहू लागला.
भयकथांचं पेव फुटलंय, असं पेपरात छापून आलं.
त्यांनी कात्रण जपलं, खाली लिहिलं:
ह्या माणसानं पेव फुटताना पाहिलेलं नाही.

त्या ऑगस्टात कृष्णा अडतीच्या माळ्यापर्यंत चढली.
हरिपुरात रात्रभर जमिनीखालून आवाज,
एकेक पेव बसत होतं,
गल्लीतून पिवळं पाणी.
लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढत होते, शेळ्या, गाद्या, टीव्ही,
आणि हे कोपऱ्यात बसून बोटांवर मोजत होते.
कितवं, मी विचारलं.
म्हणाले, "आमचं अजून नाही."

गेल्या माघात गेले.
संपादन माझ्याकडं आलं, म्हणजे एक ट्रंक,
सुकलेली लाल पेनं,
आणि तीसच्या मागं एकतिसावी फाईल.
आत एकच कागद, अक्षर त्यांचं:

थोरला रायगोंडा उतरला तेव्हा कंदील विझला नव्हता.
नंतरही दोर हलत होता.

बस्स.
खाली दरवर्षीची तारीख,
आणि बावीस वेळा एकच शेरा, स्वतःलाच:
साभार परत.
साभार परत.
एका साली नुसतंच: घाई नको.

यंदा मी ती घेतली आहे.
काना-मात्रा बदललेली नाही.
पिशवी भरून झाली, एक किलो, नेमकं तोलून.
काल ती घेऊन हरिपूरला गेले,
मगदुमांचं पेव कुठलं, एवढंच विचारलं.

शेजारच्यांनी दार लावून घेतलं.